फाशीचा धाक कोणाला?

वलगावहून अमरावतीला येताना एस.टी.त कोणी खुनाची बातमी वाचून दाखवली, की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "अशाले भर चौकात फाशी द्याले पाह्यजे!" साऱ्या माना डोलतात. माझीही डोलत असे. आमच्या गावाजवळ पेढीकाठी १९५६ साली गाडगेबाबांनी देह ठेवला. ते कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत. तसाच एक प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला : फाशीला भितो कोण?

पुण्याचे जोशी-अभ्यंकर हत्याकांड घ्या. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसे मारली गेली. मारणारे मुरलेले दरोडेखोर नव्हते. तुमच्याआमच्यासारखी कॉलेजात जाणारी, चित्रकला शिकणारी मुले होती. खुनाला फाशी आहे, हे त्यांना का ठाऊक नव्हते? दंडविधानात कलम ३०२ तेव्हाही होतेच. पण पहिला खून पचला. ३१ ऑक्टोबरला जोशी कुटुंबातले तिघे गेले, तोही पचला. लगेच १ डिसेंबरला अभ्यंकरांच्या घरी पाच जीव गेले; त्यांत घरची मोलकरीणदेखील होती. ओळखणारे कोणी मागे ठेवायचे नाही, ही त्यांची रीत. म्हणजे फाशीच्या भीतीने काही साधलेच असेल, तर साक्षीदारांचे मरण! भ्याले ते पुणेकर. मारेकरी भ्याले नाहीत, कारण आपण सापडू असे त्यांना वाटतच नव्हते.

चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांची कणव मला येत नाही. ते चौघे पुन्हा कोणाचा जीव घेणार नव्हते, हेही खरे. पण तेवढे काम जन्मभराच्या तुरुंगानेही झाले असते. कॅनडाने त्याच १९७६ साली खुनाची फाशी रद्द केली. तिथे पुढल्या दशकांत खुनांचे प्रमाण वाढण्याऐवजी घटले. त्याचे श्रेय मी फाशी रद्द होण्याला देत नाही. मात्र फाशी गेली की रक्ताचे पाट वाहतील, हे भाकीत तिथे खोटे ठरले.

वसतिगृहातल्या एका मित्राने मला विचारले, "तुझ्या घरी असे झाले असते तर?" मी खोटे बोललो नाही. मीही फाशीच मागितली असती, दोर स्वतः ओढायला निघालो असतो. पण ते माझे दुःख बोलले असते. पुढचे घर वाचवायचे तर मला रात्रीची गस्त हवी, पहिल्याच खुनाचा चोख तपास हवा, आणि कोर्टात उभा राहून न कचरता साक्ष देणारा शेजारी हवा. मित्र म्हणाला, "तो शेजारी तू होशील काय?" याचे उत्तर मी अजून दिलेले नाही.