पळीत वजन मावत नाही

मा. संपादक,


शाळेतील दुपारच्या जेवणावरच्या आपल्या लेखात शिजलेल्या भाजीची एक पळी म्हणजे 50 ग्रॅम, असा सरसकट हिशेब दिला आहे. तो चुकीचा आहे.

पोषण आहार योजनेतील 50 ग्रॅम हे कच्च्या भाजीचे वजन आहे, तेही पहिली ते पाचवीसाठी. सहावी ते आठवीला 75 ग्रॅम लागतात. लेखात हा फरकच नाही. मोठी मुले अर्धपोटी राहिली तरी या हिशेबाने कागद पूर्ण दिसेल.

शिवाय भाजीगणिक पळी बदलते. कच्चा चिरलेला पालक कपात 30 ग्रॅमच्या आसपास भरतो. तोच शिजवून निथळला की त्याच कपात 180 ग्रॅम. आपल्याकडचे गिलके पाणी सोडून बसते, बटाटा जवळपास तेवढाच राहतो. आणि रस्सा असेल तर पळीत भाजी किती, पाणी किती? लेखक हा प्रश्न विचारतच नाहीत, आणि मुलांच्या ताटात नेमके तिथेच कमी पडते.

सर्वांना सारखे वाढायला पळी ठीक, एवढे मान्य. पण माप आधी घ्यावे लागते. पाचवीपर्यंतची 100 मुले असतील तर 5 किलो भाजी चुलीवर चढण्याआधी तोलावी. शिजल्यावर पातेल्यातल्या पळ्या मोजून 100 ने भागावे. त्या दिवसाचे, त्या भाजीचे माप तेवढेच.

पुढील अंकात ही दुरुस्ती ठळक छापावी.

एक पालक,
शहादा, जि. नंदुरबार