पायरीवर कुरकुरू नका, वहीत लिहा

वाचनालयाबद्दलच्या बहुतेक तक्रारी वाचनालयाच्या पायरीवर होतात. पुस्तक बदलून बाहेर पडताना, चपला घालता घालता एक सभासद दुसऱ्याला म्हणतो, "नवीन काही येतच नाही हो यांच्याकडे." दुसरा म्हणतो, "यांना पडलीय कुणाला?" आणि दोघे आपापल्या वाटेने जातात. आत ग्रंथपाल बाई परत आलेली पुस्तके कपाटात लावत असतात. त्यांच्या कानावर यातले अक्षरही जात नाही. टेबलाच्या कडेला, सुतळीने बांधलेल्या पेनासकट, सूचनावही पडलेली असते. तिच्यातली शेवटची नोंद बहुधा मागच्या वर्षीची असते.

त्या वहीत लिहा, एवढेच मला सांगायचे आहे. मात्र लिहायचे कसे, आणि लिहिल्यावर पुढे काय होते, हे ठाऊक असले तर लिहिण्याचा उपयोग होतो. म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. गावातले सार्वजनिक वाचनालय ही सरकारी कचेरी नव्हे. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली शासन त्याला मान्यता देते, अ, ब, क, ड यांपैकी एक वर्ग ठरवून देते आणि वर्गाप्रमाणे अनुदान देते. चालवते मात्र नोंदणी झालेली संस्था, म्हणजे सभासदांनी निवडून दिलेले कार्यकारी मंडळ. ही आपल्याकडची जुनी रीत आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चे. कायदा आणि अनुदान फार पुढे आले. त्याआधीची कितीतरी वर्षे अशा संस्था वर्गणी, देणगी आणि गावातल्या माणसांच्या खटपटीवर उभ्या राहिल्या.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. ग्रंथपाल हा मंडळाचा पगारी नोकर आहे. कोणती पुस्तके घ्यायची, वेळ सकाळची ठेवायची की संध्याकाळची, अभ्यासिकेत आणखी एक पंखा लावायचा का, यातले फार थोडे त्याच्या एकट्याच्या हातात असते. तुम्ही त्याला तोंडी सांगितले तर तो "बघतो" म्हणेल, आणि ते खोटे नसेल. पण मंडळाच्या सभेत "लोक म्हणतात" या शब्दांना वजन नसते. कुणीतरी विचारतेच, "कोण लोक?" तेव्हा वही उघडून तारीख, नाव आणि सभासद क्रमांकासह नोंदी दाखवता आल्या की विषय टाळता येत नाही, इतिवृत्तात घ्यावा लागतो. तुमची नोंद हे ग्रंथपालाच्या हातातले बळ आहे.

आता काय लिहावे ते पाहू. "नवीन पुस्तके आणावीत" असे वाक्य जवळजवळ प्रत्येक वहीत सापडते आणि त्यावर कुणालाच काही करता येत नाही. नवीन म्हणजे कोणती? कथा-कादंबऱ्या, मुलांची, शेतीची, की स्पर्धा परीक्षेची? त्याऐवजी अशी नोंद पाहा: "दया पवारांचे 'बलुतं' तालिकेत आहे, कपाटात नाही. दोन महिन्यांत दोनदा शोधले. सभासद क्रमांक अमुक, तारीख तमुक." या तीन ओळींवर काम सुरू होऊ शकते. ग्रंथपाल आधी देवघेवीची नोंद पाहील. पुस्तक कुणाकडे गेले असेल, तर परतीची तारीख उलटून किती दिवस झाले ते कळेल आणि स्मरणपत्र जाईल. कुणाकडे नसेल तर बाइंडिंगला पाठवलेल्या पुस्तकांची यादी. तिथेही नसेल तर आजूबाजूची कपाटे, कारण वाचकाने पुस्तक काढून पाहिले आणि जागा न आठवल्याने भलतीकडे खोचले, हे रोजचे आहे. एवढे करूनही सापडले नाही तर दाखलनोंद रजिस्टरात ते गहाळ म्हणून दाखवायचे आणि नवी प्रत मागवायची. तुमच्या तीन ओळींनी हा सगळा शोध चालू होतो.

पुस्तक बाहेर गेलेले असेल तर "कुणाकडे आहे ते सांगा, मी त्यांच्याकडूनच घेतो" असा आग्रह लहान गावात हमखास होतो. तो धरू नये. कोण काय वाचते ही त्या माणसाची खाजगी बाब आहे, आणि उद्या तीच वेळ आपल्यावर येऊ शकते. त्याऐवजी "परत आले की माझ्यासाठी राखून ठेवा" असे सांगून नाव आणि फोन नंबर नोंदवावा.

पुस्तकाची मागणी करताना शीर्षक, लेखक आणि प्रकाशक लिहावा. किंमत माहीत असल्यास तीही लिहावी. हे पुस्तक आपल्याकडे का असावे याचे एक वाक्य जोडावे. ग्रंथनिवड समितीपुढे यादी जाते तेव्हा त्या एका वाक्याचा उपयोग होतो. "दहावीच्या मुलींना उपयोगी" किंवा "आपल्या तालुक्यातल्या लेखकाचे आहे" एवढेही पुरते.

मात्र पैशाचे गणितही वाचकाने समजून घ्यावे. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ग्रंथालयांच्या अनुदानात 60 टक्के वाढ मंजूर केली. त्या वाढीनंतर ड वर्गाच्या वाचनालयाचे वार्षिक अनुदान 30 हजारांवरून 48 हजार रुपयांवर आले. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यात कर्मचाऱ्याचे वेतन, वीजबिल, वर्तमानपत्रे आणि पुस्तके. शिवाय अनुदान हप्त्यांनी येते आणि हप्ता वेळेवर येईलच असे नाही. त्यामुळे चारशे रुपयांच्या पुस्तकाला "पुढच्या खरेदीत घेऊ" असे उत्तर आले, तर ते टोलवणे समजू नये. पण ते उत्तर लेखी मिळावे, आणि पुढच्या खरेदीनंतर आपण पुन्हा विचारावे.

काही जण यावर उपाय म्हणून पुस्तके देणगी देतात. चांगली गोष्ट आहे. फक्त देण्याआधी यादी दाखवा. माळा साफ करताना निघालेली, वाळवी लागलेली जुनी क्रमिक पुस्तके वाचनालयाच्या दारात आणून टाकणे याला देणगी म्हणत नाहीत.

तक्रारींचा दुसरा मोठा गठ्ठा वाचनकक्षाचा असतो. वर्तमानपत्राची पुरवणी गायब आहे. शब्दकोडे कुणीतरी पेनाने सोडवून ठेवले आहे. एकच गृहस्थ तीन दैनिके मांडीखाली घेऊन बसले आहेत. अभ्यासिकेत पहाटे कुणी येऊन मित्रांसाठी चार खुर्च्यांवर दप्तरे ठेवून जाते. दिवाळी अंकांची वर्गणी भरली, पण हवा तो अंक संक्रांत आली तरी हाती पडत नाही. या तक्रारी क्षुल्लक नाहीत, वाचनालयातली अर्धी भांडणे यावरूनच होतात. त्या लिहिताना माणसाचे नाव घेऊन शेरा मारू नये, घडले ते लिहावे. "अमुक सदस्य उद्धट आहेत" यापेक्षा "सकाळी साडेसहाला चार खुर्च्यांवर दप्तरे होती, नऊपर्यंत कुणी आले नाही, अर्धा तास रिकामी राहिलेली जागा दुसऱ्याला द्यावी" ही नोंद कामाची. हिच्यात नियमही सुचवलेला आहे. मंडळाला फक्त हो किंवा नाही म्हणायचे उरते.

एखाद्या पुस्तकावरच आक्षेप असेल, तर तोही लेखी घ्यावा. पण आधी ते पुस्तक पूर्ण वाचावे. कोणत्या पानावर काय खटकले ते लिहावे, आणि आपली अपेक्षा काय तेही. पुस्तक मुलांच्या कपाटात चुकून लागले असेल तर ते हलवता येते. मात्र "मला आवडले नाही, म्हणून कुणीच वाचू नये" ही मागणी सार्वजनिक वाचनालयाने मान्य करू नये. वर्गणी सगळ्यांची आहे, तेव्हा कपाटही सगळ्यांचे आहे.

आता प्रश्नांबद्दल. हा भाग आपण फार थोडा वापरतो. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकावर तारखेचा शिक्का मारणारा माणूस अशी आपली समजूत आहे. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा हे त्यांतले दुसरे, वाचकाचा वेळ वाचवावा हे चौथे. दोन्ही सूत्रे पाळायची तर वाचकाने तोंड उघडून विचारायला हवे, आणि नीट विचारायला हवे.

समजा, शाळेतला एक मुलगा टेबलाशी येऊन म्हणतो, "मॅडम, इतिहासाचं पुस्तक आहे का?"

"आहेत की, दोन कपाटं आहेत. कुठला इतिहास हवाय, बाळा?"

"आपल्या गावाचा. प्रकल्प आहे."

"किती पानांचा?"

"पाच. उद्या द्यायचाय."

बाई आता इतिहासाच्या कपाटाकडे जाणार नाहीत. त्या जिल्ह्याचे गॅझेटिअर काढतील आणि त्यातले गावाचे किंवा तालुक्याचे पान उघडून देतील. मग मराठी विश्वकोशात जिल्ह्याची नोंद दाखवतील. तीन प्रश्नांत मुलाचे काम झाले. त्याने पहिल्याच वेळी "गावाच्या इतिहासावर पाच पाने लिहायची आहेत" असे म्हटले असते, तर तेवढेही लागले नसते. तेव्हा पुस्तकाचे नाव तुम्हाला माहीत नसले तरी चालेल, पण काम कशासाठी आहे ते ग्रंथपालाला सांगा. त्याने उलट दोन प्रश्न विचारले तर चौकशा करतो म्हणून रागावू नका. तो त्याच्या कामाचाच भाग आहे.

संदर्भ विभागात काय असते याची थोडी कल्पना असावी. आजीच्या ओवीतला एखादा शब्द अडला तर दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. सणाची किंवा रूढीची माहिती हवी तर महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश आहे. पणजोबांनी पुस्तक छापले होते असे घरात ऐकले आहे, पण प्रत नाही, अशा वेळी शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहावी. तिच्या पहिल्या भागात 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची नोंद आहे. अलीकडच्या पुस्तकांबाबत 1954 चा कायदा उपयोगी पडतो. प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांकडे पाठवाव्यात असे त्यात बंधन आहे. हे सगळे ग्रंथ तुमच्या गावच्या वाचनालयात असतीलच असे नाही. पण ते कुठे मिळतील हे सांगणे हेसुद्धा उत्तरच आहे, आणि ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

ग्रंथपालाच्या उत्तराला एक मर्यादाही असते. डाळिंबावर पडलेल्या रोगाचे पुस्तक तो काढून देईल, फवारणी कोणती करायची हे कृषी सहायकाला विचारावे लागेल. वारसाहक्काच्या कायद्याचे पुस्तक देईल, तुमच्या भावाशी चाललेल्या वादात कोण जिंकेल हे सांगणार नाही. औषधांच्या बाबतीतही तेच. त्याने सल्ला द्यायला नकार दिला तर तो टाळतो असे समजू नका.

वाचकाने एवढे केले तर वाचनालयाकडूनही काही मागायला हवे. वहीत प्रत्येक नोंदीसमोर उत्तराचा रकाना असावा. महिन्याच्या सभेनंतर तो भरलेला दिसावा. उत्तर "नाही" असले तरी चालेल, त्याखाली कारण हवे. मंजूर झालेल्या सूचनांची यादी सूचना फलकावर लागावी. सूचना करणाऱ्याला एकदा उत्तर मिळाले की तो पुन्हा लिहितो. रकाना वर्षभर कोरा राहिला की वहीही कोरी राहते, आणि मग मंडळ म्हणते, "आमच्याकडे तक्रारच नाही."

उत्तर येतच नसेल तर पुढची पायरी कार्यवाहांना पत्र देण्याची. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. त्यानेही भागले नाही तर वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न मांडा. तिथे बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क कोणत्या सभासदाला आहे, वर्गणीदाराला की आजीवाला, हे संस्थेच्या घटनेत लिहिलेले असते. ती वाचायला मागा. बऱ्याच गावांत या सभेला गणपूर्तीपुरतीही माणसे जमत नाहीत आणि सभा तहकूब करून अर्ध्या तासाने उरकली जाते. पायरीवर बोलणाऱ्यांपैकी दहा जण त्या दिवशी आत येऊन बसले तरी सभेचा नूर बदलतो. मान्यताप्राप्त वाचनालय नियमच पाळत नसेल, ठरलेल्या वेळेत उघडतच नसेल, तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. पण तो शेवटचा मार्ग. आधीचे मार्ग न चालता थेट तिथे धावू नये.

आणि काही चांगले घडले तर तेही लिहा. तुटपुंज्या अनुदानात कुणी तुम्हाला हवे ते पुस्तक शोधून दिले असेल, तर दोन ओळींचा अभिप्राय त्या कर्मचाऱ्याला पगाराने दिले नाही ते समाधान देतो. मंडळाच्या सभेत तोही वाचला जातो.

तेव्हा पुढच्या वेळी पुस्तक बदलायला जाल तेव्हा वही मागा. वाचनालयात अशी वहीच नसेल, तर कोऱ्या कागदावर पहिली सूचना तीच लिहून द्या. काय हवे, का हवे ते नेमके लिहा, खाली नाव, सभासद क्रमांक आणि तारीख घाला. महिन्याने जा आणि विचारा, "माझ्या नोंदीचं काय झालं?"