पंचनाम्यातला पहिला शब्द



न्हावा शेव्याच्या बंदराकडं कामाला गेलेल्या आपल्या पोराला काही मुकादम नावाआधी जात विचारतात. ‘कातकरी’ ऐकलं की पुढचा सवाल दारूचा. हात किती चालतो, ते कुणी बघत नाही.

१९४६ साली सॉलोमन ॲश या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञानं लोकांना एका अनोळखी माणसाचे गुण वाचून दाखवले. हुशार, कष्टाळू वगैरे. एका गटाला त्यात ‘मायाळू’ सांगितलं, दुसऱ्याला ‘कोरडा’. बाकी यादी तीच. पहिल्यांना तो माणूस उदार वाटला, दुसऱ्यांना वाटेना.

आपल्या दळीवर हेच होतं. पंचनाम्यात आधी ‘अतिक्रमणदार’ लिहिलं, की आज्यानं घातलेला बांध दिसत नाही, नाचणी-वरी दिसत नाही. कोयता तेवढा दिसतो. इंग्रजांनी १८७१ला कायद्यानंच जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ला गेला. नजर गेली का?

कोऱ्या पंचनाम्यावर अंगठा देऊ नका. वनहक्क कायद्याच्या नियमांत दावेदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा आहे. तो ग्रामसभेत आताच लिहून घ्या, सुरुवात ‘कसणारा’ या शब्दानं करा. साहेब पाड्यावर आले, की त्यांची वही उघडायच्या आधी तो कागद पुढं ठेवा.