चाळीस मेगावॉटचा शेजार

दिवाळी आटोपली की रत्नागिरी-देवगडच्या आंबा बागांत नेपाळी गडी येऊ लागतात. फवारणी करायची, रात्री राखण करायची, माकडे हाकलायची आणि हंगाम आला की झेल्याने आंबा उतरवून पेट्या भरायच्या. हे गडी आले नाहीत तर बाग कशी निभवायची, हा बागायतदारांचा दर वर्षीचा घोर. जून लागला, झाडे रिकामी झाली की बोचकी बांधून ते परतीला लागतात. यातले बरेच जण पश्चिम नेपाळच्या डोंगराळ भागातले. त्या मुलखाच्या सीमेवरून महाकाली वाहते. या नदीवर पंचेश्वर येथे मोठे धरण बांधावे, वीज आणि पाण्याचा लाभ दोन्ही देशांनी घ्यावा, असा करार भारत आणि नेपाळने फेब्रुवारी १९९६ मध्ये केला. ते धरण अजून उभे राहिलेले नाही. करार झाला त्या वर्षी जन्मलेली पोरे आज कोकणात बागा राखत आहेत.

पंचेश्वरच्या मानाने १५ नोव्हेंबर २०२४ रोजी घडलेली गोष्ट अगदीच किरकोळ. त्या दिवशी नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांमधून बांगलादेशात पोहोचली. मुंबईच्या भर उन्हाळ्यातील मागणीच्या ती जेमतेम एक टक्का. त्यातही गंमत अशी की, या विजेच्या करारानुसार ती द्यायची १५ जून ते १५ नोव्हेंबर या पाच महिन्यांतच. म्हणजे उद्घाटन झाले तोच हंगामाचा शेवटचा दिवस. समारंभ झाला, त्या दिवसापुरती वीज गेली आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत व्यवहार बंद. वर्तमानपत्रांनी या बातमीला आतल्या पानात चार ओळींची जागा दिली असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. तरीही दक्षिण आशियातल्या गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक शिखर परिषदांपेक्षा आम्हाला ही चार ओळींची बातमी मोलाची वाटते.

ती वेळच आठवून पाहावी. ५ ऑगस्ट २०२४ रोजी बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना सत्ता सोडून ढाक्यातून भारतात आल्या. त्यानंतर दोन्ही देशांचे संबंध इतके ताणले गेले की, साधा व्हिसा मिळणेही मुश्कील झाले. पण त्यानंतर दोन महिनेही उलटले नव्हते तोच, ३ ऑक्टोबरला, काठमांडूत भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांच्या वीज कंपन्यांनी त्रिपक्षीय करारावर सह्या केल्या. सार्कची शेवटची शिखर परिषद याच काठमांडूत नोव्हेंबर २०१४ मध्ये झाली होती. तिथे रस्ते आणि रेल्वेच्या करारांवर एकमत झाले नाही. हाती लागला तो ऊर्जा सहकार्याचा एक करार. त्यानंतर सार्कची शिखर परिषद भरलेलीच नाही. भांडणारे शेजारीही ज्यावर सही करायला तयार होतात, अशी वीज ही या टापूतली बहुधा एकमेव वस्तू असावी.

याचे कारण भूगोलात आहे. नेपाळमधले बहुतेक जलविद्युत प्रकल्प धावत्या पाण्यावरचे. मागे मोठा साठा नाही. पावसाळ्यात नद्या फुगल्या की विजेला गिऱ्हाईक शोधावे लागते, आणि थंडीत पाणी आटले की तोच नेपाळ भारताकडून वीज घेतो. नेपाळ कधी विक्रेता, कधी ग्राहक. भारताचेही तसेच. अशा व्यवहारात कोणी कोणावर उपकार करत नाही. या करारात दर ठरला युनिटला ६.४ अमेरिकी सेंट. मीटर बिहारमधल्या मुझफ्फरपूरला. नेपाळमधल्या ढल्केबरपासून तिथपर्यंतची गळती नेपाळने सोसायची. पुढे ही वीज पश्चिम बंगालमधल्या बहरामपूरहून सीमा ओलांडून बांगलादेशातल्या भेडामाराला जाते. तिथे तिचे आधी डीसी आणि मग पुन्हा एसीत रूपांतर होते. त्यामुळे दोन ग्रिड जोडलेही जातात आणि एकाची धडधड दुसऱ्याला लागतही नाही. भेडामाराच्या अभियंत्यांनी जे साधले ते परराष्ट्र खात्यांना अजून साधायचे आहे.

गड्यांना घर सोडायला लावणाऱ्या गरिबीशी विजेचा संबंध काय, ते काठमांडूच्या जुन्या दिवसांवरून कळते. २००८ नंतरची काही वर्षे तिथे हिवाळ्यात दिवसाला सोळा-सोळा तास वीज नसे. कारखाने डिझेलवर चालत किंवा बंद पडत, आणि तरुण आखाताची, मलेशियाची वाट धरत. सप्टेंबर २०१५ पासून सीमेवरची वाहतूक अडली, इंधन संपले. दिल्लीने त्याला नाकेबंदी म्हटले नाही. नेपाळी माणूस मात्र दुसरा शब्द वापरत नाही. ती कोंडी फेब्रुवारी २०१६ मध्ये सुटली आणि त्याच महिन्यात मुझफ्फरपूर-ढल्केबर वाहिनी सुरू झाली, पहिली ८० मेगावॉट वीज गेली. वर्ष संपता संपता काठमांडूचे भारनियमन सरले. त्यात नेपाळच्या वीज प्राधिकरणाने कारभार नीट लावला, याचा मोठा वाटा होता. पण सीमेपलीकडून येणाऱ्या तारेशिवाय ते जमले नसते. एकाच शेजाऱ्याचे हे दोन चेहरे नेपाळने एकाच हिवाळ्यात पाहिले.

अर्थात तार ओढली की भले होतेच, असे नाही. हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. हे नेपाळी गडी राबतात त्याच रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात, एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प उभा राहिला. प्रकल्पात खोट नव्हती. खोट करारात होती. त्या दराची वीज राज्य वीज मंडळाला परवडेना आणि २००१ मध्ये तो बंद पडला. झारखंडमधल्या गोड्डाचा १,६०० मेगावॉटचा अदानी प्रकल्प बांगलादेशासाठीच उभारला गेला. नेपाळची ४० मेगावॉट पोहोचली त्याच महिन्यात गोड्डाचा पुरवठा थकबाकीमुळे निम्म्यावर आला होता, आणि त्या कराराच्या दरावरून बांगलादेशात आजही वाद आहे. चाळीसपट मोठा व्यवहार कटुता वाढवतो आणि लहानसा व्यवहार निभतो, याचा हिशेब दिल्लीने मांडायला हवा. भूतानमध्येही तेच. साठ टक्के अनुदान, चाळीस टक्के कर्ज या सूत्रावर भारताने बांधलेला ३३६ मेगावॉटचा चुखा प्रकल्प त्या देशाला कमाई देऊन गेला. पुढे प्रकल्पांचे आणि कर्जाचे आकडे वाढले. तिथल्याच पुनात्सांगछू-१ प्रकल्पात २०१३ साली डोंगर सरकला आणि काम रखडले. कर्ज मात्र थांबत नाही. धरणाखाली गेलेल्या गावांचे काय होते, हे कोयनेच्या विस्थापितांची तिसरी पिढी आजही सांगते. पंचेश्वर झाला नाही म्हणून हळहळताना हेही ध्यानात ठेवलेले बरे.

तारा आणि नळ युद्ध थांबवतात, असा दावाही आम्ही करणार नाही. रशिया आणि जर्मनीमध्ये समुद्रातून वायुवाहिन्या होत्या. युक्रेनवरचा हल्ला त्यांनी टळला नाही आणि २०२२ च्या सप्टेंबरात त्याच फोडल्या गेल्या. १९६० चा सिंधू करार तीन युद्धांतून तगला. पहलगामच्या हत्याकांडानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, भारताने तो स्थगित केला. त्या हल्ल्यात महाराष्ट्राचे सहा जण गेले. इथल्या वाचकाला स्थगितीचे कारण समजावून सांगावे लागत नाही. सिंधू करारात मात्र नद्या वाटून घेतल्या गेल्या. तीन तुझ्या, तीन माझ्या. एकत्र चालवायचे असे फार थोडे उरले. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या भावकीसारखे ते वाटप होते. नेपाळशी आपला व्यवहार वेगळा आहे, कारण तिथे दोन्ही बाजूंच्या नियंत्रण कक्षांना रोज एकमेकांना फोन करावा लागतो.

म्हणूनच भारताच्या एका नियमाबद्दल बोलले पाहिजे. नेपाळमधल्या ज्या प्रकल्पात चिनी गुंतवणूक किंवा चिनी कंत्राटदार आहे, त्याची वीज भारत घेत नाही. सुरक्षेची काळजी समजू शकते. पण नदीच्या पाण्याला पासपोर्ट नसतो, आणि चिनी कंत्राटदाराने बोगदा खणला म्हणून त्यातून येणाऱ्या विजेने हेरगिरी होत नाही. गुंतवणुकीला हरकत असावी, कंत्राटाला नसावी, एवढी सवलत तरी द्यायला हरकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉट वीज घेण्याचा करार भारताने नेपाळशी केला आहे. एकच दार आणि त्यावर द्वारपालही आपणच, अशी व्यवस्था ठेवली तर तो आकडा पंचेश्वरसारखा कागदावर राहील. तार जोडताना बाळगलेली भीती नंतर कशी विरते, याचा दाखला आपल्याच घरात आहे. जुलै २०१२ मध्ये उत्तर आणि पूर्व भारत अंधारात बुडाला, तेव्हा दक्षिणेचा ग्रिड वेगळा असल्याने वाचला. ‘नकोच ती जोडणी’ म्हणायला तो भक्कम पुरावा होता. तरी ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर वाहिनीने दक्षिण उरलेल्या देशाशी जोडली गेली. ती तोडा, असे आज कोणी म्हणत नाही.

नेपाळमध्ये वीज आहे, पण ती वापरणारे कारखाने अजून पुरेसे नाहीत. त्यासाठी हिवाळ्यातही खात्रीची वीज हवी, आणि ती सध्या तरी सीमेपलीकडूनच येऊ शकते. बुटवल-गोरखपूर ही दुसरी मोठी वाहिनी उभी राहते आहे. ती वेळेत व्हावी, तिच्यावरचे दर जाहीर असावेत आणि थकबाकी झाली तर कोणी काय करायचे हे आधीच लिहिलेले असावे. बांगलादेशाला जाणारी नेपाळची वीज १५ जूनला खाली उतरू लागते आणि १५ नोव्हेंबरला थांबते. कोकणातले गडी त्याच सुमारास उलट्या दिशेने प्रवास करतात: विजेचा हंगाम सरत असतो तेव्हा येतात, आणि ती वाहू लागते तेव्हा रत्नागिरीच्या स्टेशनात बोचक्यांवर बसून गाडीची वाट पाहत असतात.