वेठ यंत्राने करावी. पण यंत्र कोणी घडवावे?

वाचकहो, 'रोबोट' हा शब्द आज शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. पण त्याचे मूळ किती जणांस ठाऊक आहे? चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकात तो प्रथम आला. त्यांच्या भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ! आमच्या संविधानाच्या २३ व्या कलमाने जिला बंदी केली, तीच ही वेठ.

ती संपली काय? हाताने मैला साफ करविण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. गटारात मेलेल्याच्या वारसांस १० लाख रुपये द्यावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. भरपाई वाढली, मरणे थांबली नाहीत. कायदा मालकास 'माणूस उतरवू नकोस' असे बजावतो. पण माणसाच्या जागी काय उतरवावे, हे कायद्याच्या पुस्तकात नसते. ते प्रयोगशाळेत ठरते.

मद्रासच्या आय. आय. टी.चे उदाहरण घ्या. तेथील एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रकल्पातून 'होमोसेप' हे यंत्र जन्मास आले. ते मैल्याच्या टाकीत फिरती पाती सोडून घट्ट गाळ ढवळते व उपसून काढते. अशी यंत्रे २०२२ साली तामिळनाडूत सफाई कामगारांच्या हाती देण्यात आली. ज्यांचे पती अशाच कामात मेले, त्या स्त्रियाही त्यांत पुढे होत्या. यंत्र ठेकेदाराचे झाले तर कामगाराची भाकरी जाते. कामगाराच्या मालकीचे झाले तर त्याचा जीव वाचतो आणि भाकरीही राहते. हा भेद ज्याच्या घरातले कोणी गटारात उतरले आहे, त्यास शिकवावा लागत नाही.

म्हणूनच आमचा आग्रह आहे की, यंत्रमानवशास्त्र व मेकॅट्रॉनिक्स यांच्या पदव्युत्तर वर्गांत आमची मुले-मुली बसलीच पाहिजेत. यंत्रशास्त्र, विद्युत्‌शास्त्र व संगणक यांचा तेथे मेळ बसतो. विषारी वायू ओळखणारे संवेदक, अंधारात चालणारा यंत्राचा हात, त्यास आवरणारे गणित, हे सारे पदवीच्या चार वर्षांत पुरे होत नाही.

'पदवी झाली, आता नोकरी धरा,' असे सांगणारे शहाणे आमच्यातही आहेत. त्यांनी डॉ. बाबासाहेबांचे १९४२ सालचे निवेदन वाचावे. कला व कायदा यांच्या शिक्षणापेक्षा विज्ञान व तंत्रविद्येचे उच्च शिक्षण अस्पृश्यांच्या अधिक उपयोगाचे आहे, असे स्वतः बॅरिस्टर असलेल्या त्या महापुरुषाने सरकारला बजावले होते. आम्हां वकिलांना ते झोंबो वा न झोंबो, ते खरे आहे!

केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा २००६ च्या कायद्याने राखल्या आहेत. त्या दयेच्या नव्हेत, हक्काच्या आहेत. तरुणांनो, 'गेट' परीक्षेला बसा आणि त्या जागा घ्या. सरकारनेही विद्यावेतन वेळेवर द्यावे. उपाशी पोटी संशोधन होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी वेठ वाहिली, ती वाहणारे यंत्र कसे असावे, हे ठरविण्याचा पहिला अधिकार त्यांचाच आहे.