फोटो आहेत, पण कुठले, कधीचे, कोणाचे?

२०१७ च्या जून महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाच्या वार्षिक अहवालातला एक फोटो वादात सापडला. भारताच्या सीमेवर बसवलेले प्रखर दिवे म्हणून तो छापला होता; प्रत्यक्षात ती स्पेन आणि मोरोक्को यांच्यामधली सरहद्द होती. त्याआधी दीड वर्ष, डिसेंबर २०१५ मध्ये, पंतप्रधान चेन्नईच्या पुराची हवाई पाहणी करत असल्याचा जोडकाम केलेला फोटो पत्र सूचना कार्यालयाने ट्विटरवर टाकला आणि टीका होताच काढून घेतला. दोन्ही वेळी चर्चा हेतूंवर घसरली. मला त्यातला कमी चमचमीत प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्या सीमेवर शेकडो किलोमीटर दिवे खरोखरच लागलेले आहेत. मग त्यांचा एक खरा फोटो अहवालात का आला नाही? आपली कार्यालये फोटो भरपूर काढतात, पण ते राखत नाहीत, हे त्याचे मूळ आहे असे मला वाटते. जनतेच्या पैशातून काढलेला प्रत्येक फोटो हा सरकारी दस्तऐवज आहे आणि तो कुठला, कधीचा, कोणी काढलेला ही नोंद त्याच्यासोबतच, कार्यालयाच्या नावावर असलेल्या एका सामाईक भांडारात जमा झाली पाहिजे. पोस्ट तिथूनच निघावी.

आज जिल्हा परिषदेपासून महापालिकेपर्यंत बहुतेकांची फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्सवर खाती आहेत. या खात्यांना रोज काहीतरी नवे लागते आणि ते येते प्रामुख्याने व्हॉट्सॲप ग्रुपवरून. बंधाऱ्याच्या कामावर गेलेला कनिष्ठ अभियंता मोबाइलवर फोटो काढून तालुक्याच्या ग्रुपवर टाकतो, तिथून तो जिल्ह्याच्या ग्रुपवर जातो आणि शेवटी खाते सांभाळणाऱ्याच्या फोनमध्ये उतरतो. या प्रवासात फोटोचा आकार घटतो आणि कॅमेऱ्याने फाइलच्या पोटात नोंदवलेली वेळ, ठिकाण ही माहितीही गळून पडते. अँड्रॉइड फोनमध्ये उतरलेल्या फाइलला नाव मिळते ते ‘आयएमजी-२०१९०८०९-डब्ल्यूए००१७’ अशा धर्तीचे. त्यातली तारीख फोटो काढल्याची नसते, तो त्या फोनवर पोहोचल्याची असते. म्हणजे सांगली-कोल्हापूर पाण्याखाली असताना, ९ ऑगस्ट २०१९ रोजी, कोणी २००५ च्या पुराचा फोटो पुढे पाठवला, तर त्याच्या कपाळी २०१९ चाच शिक्का बसतो. पुढे ती फाइल उघडणाऱ्याने तारखेवर विश्वास ठेवला, तर त्याला दोष कसा द्यायचा? आणि हव्या त्या बंधाऱ्याचा फोटो शोधूनही सापडला नाही, की तो गुगलवरून दुसऱ्याच कुठल्या बंधाऱ्याचा फोटो उचलतो.

भांडार उभारायला मोठे तंत्रज्ञान लागते, ही समजूत खोटी आहे. महामंदीच्या काळात, १९३५ पासून, अमेरिकी सरकारने ग्रामीण भागाच्या हलाखीची नोंद करण्यासाठी छायाचित्रकार देशभर धाडले. त्या विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांचा आग्रह फोटोइतकाच फोटोखालच्या ओळीसाठीही असे. निगेटिव्ह वॉशिंग्टनला जमा होत, त्यांना मथळे जोडले जात आणि वर्तमानपत्रांना प्रती मिळत. सुमारे १ लाख ७५ हजार निगेटिव्हचा तो संग्रह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. राज्य, वर्ष, छायाचित्रकार यांवरून त्यातला फोटो घरबसल्या शोधता येतो, कारण त्या वेळी कोणीतरी ते कागदावर लिहिले होते.

आमच्याकडे एवढे मनुष्यबळ नाही, हा पहिला आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. पण नोंदीचे काम वेगळ्या कारकुनाचे नाहीच. बंधाऱ्यावर उभ्या असलेल्या अभियंत्याला गाव, तारीख, योजना आणि स्वतःचे नाव लिहायला मिनिटभर पुरे. तेच काम दोन वर्षांनी दुसऱ्या कोणाला करायला सांगितले तर आठवडा गेला तरी होणार नाही, कारण माहिती असलेला माणूस बदलून गेलेला असेल. आता फोटो ओळखायला कृत्रिम बुद्धिमत्ता आहेच, असेही म्हटले जाते. ती पाणी, होडी, माणसे ओळखेल. ही होडी शिरोळची की पलूसची, हे तिला कोण सांगणार? आपत्तीत मंजुरीची वाट बघत बसायचे का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. भांडारामुळे पहिली पोस्ट थोडी उशिरा पडेल, हे मान्य करायला हवे. पण जुना किंवा परगावचा फोटो सरकारी खात्यावरून गेला तर पुढच्या खऱ्या इशाऱ्यावरचाही लोकांचा विश्वास उडतो, आणि पुरात त्याची किंमत त्या उशिरापेक्षा जास्त असते.

सर्वांत गंभीर आक्षेप खासगीपणाचा. भांडार म्हणजे लाभार्थी, रुग्ण, शाळकरी मुले यांचे चेहरे कायमचे साठवणे. याचा धडाही त्याच अमेरिकी संग्रहात आहे. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेला स्थलांतरित आईचा फोटो जगभर गेला, पण त्या बाईचे नाव त्यांनी विचारलेच नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव पुढे आले १९७८ मध्ये, आणि त्या फोटोविषयी त्यांच्या मनात नाराजीच होती. म्हणूनच नोंदीत संमतीचा रकाना हवा: कोणाची, कशासाठी, कुठवर. संमती मागे घेतली, तर नोंद असलेला फोटो शोधून काढता येतो. दहा ग्रुपवर विखुरलेला फोटो कोण मागे घेणार?

कायद्याचा आधार आपल्याकडे आहे. १९९३ च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख कायद्यात संगणकाने तयार झालेले साहित्यही अभिलेखात मोडते, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा असा कायदा २००५ चा आहे. अडचण वापराच्या हक्काची आहे. अमेरिकी संघराज्य सरकारच्या फोटोंवर तिथे स्वामित्वहक्क नसतो, म्हणून नासाची छायाचित्रे शाळेच्या पुस्तकांत सहज येतात. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याने सरकारी कृतींवर प्रकाशनानंतर ६० वर्षे सरकारचा हक्क राहतो. केंद्राने २०१७ मध्ये खुल्या माहितीसाठी परवाना आणला खरा, पण तो कोणत्या फोटोला लागू आहे हे फोटोवरच लिहिलेले नसेल तर तालुक्याच्या साप्ताहिकाला त्याचा काय उपयोग?

भांडार कोणाच्या नावावर, हे तितकेच निर्णायक आहे. कर्मचाऱ्याच्या किंवा एजन्सीच्या खासगी गुगल ड्राइव्हवर ठेवलेले फोटो त्याच्यासोबत निघून जातात. वैयक्तिक खाते दोन वर्षे वापरात नसेल तर गुगल ते पुसूनही टाकू शकते. कार्यालयाच्या खात्यावरील सामाईक ड्राइव्हमध्ये मालकी संस्थेची राहते. समाजमाध्यमांचे काम बाहेर देताना महिन्याला किती पोस्ट, किती रील हे ठरवले जाते. त्याच निविदेत आणखी एक अट घालावी: मूळ आकारातील प्रत्येक फाइल ठिकाण, तारीख, छायाचित्रकार, संमती आणि वापराचा हक्क यांच्या नोंदीसह कार्यालयाच्या भांडारात दर महिन्याला जमा व्हावी, आणि देयकावर सही त्या महिन्याचे भांडार उघडून पाहिल्यावरच व्हावी.