मार्गदर्शकच नसेल तर करार कोण पाळणार?

रसायनशास्त्राच्या संशोधनाला छत्रपती संभाजीनगरइतका अनुकूल परिसर राज्यात फार थोड्या शहरांना लाभला आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, पैठण या पट्ट्यात औषधनिर्मितीचे कारखाने आहेत. वोखार्टच्या इथल्या संशोधन केंद्रात नव्या प्रतिजैविकांवर काम चालते. या कंपनीच्या लेव्होनॅडिफ्लॉक्सासिनला २०२० मध्ये देशात मंजुरी मिळाली. तासाभराच्या अंतरावर, जालन्यात, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र २०१८ पासून सुरू आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या, आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाला संयुक्त संशोधनासाठी दूर जाण्याची गरजच नाही.

पण ते करणार कोण? राज्यातील विद्यापीठांमध्ये अध्यापकांची भरती वर्षानुवर्षे रखडली आहे आणि तासिका तत्त्वावरच्या नेमणुकांवर गाडा ओढला जात आहे. हे अध्यापक मन लावून शिकवतात, परंतु पीएच.डी.चे मार्गदर्शक होऊ शकत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी तो अधिकार फक्त पूर्णवेळ नियमित अध्यापकांना दिला आहे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरला की नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे पद कागदावर रिकामे होण्याच्या तीन वर्षे आधीच त्या प्रयोगशाळेचे दार नव्या मुलांना बंद होते, आणि सरकार रिक्त पदे मोजते ती निवृत्तीनंतर! धोक्याची खरी खूण इथे आहे.

कंपनीला किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेला सहकार्यासाठी पाच-सात वर्षे टिकणारा माणूस लागतो. सामंजस्य करारावर सही करणारे अधिकारी बदलतात. नमुने तयार करणारा, चुकलेली अभिक्रिया पुन्हा लावून पाहणारा आणि निष्कर्षांची जबाबदारी घेणारा गट विभागातच असावा लागतो. तो नसला की बीड, धाराशिव, जालन्याहून आलेली हुशार मुले एम.एस्सी. करून कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या पाळीवर रुजू होतात. त्या नोकरीत कमीपणा नाही. मात्र ज्यांना संशोधन करायचे होते, त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच ठेवलेला नाही, हा अन्याय आहे. जी मुले टिकतात, त्यांची अधिछात्रवृत्तीची रक्कम रखडते आणि बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधकांना त्यासाठी आंदोलने करावी लागतात.

खाम नदीच्या सांडपाण्यापासून नाथसागर जलाशयाच्या पाण्यापर्यंत या शहराचे कितीतरी प्रश्न रसायनशास्त्राचे आहेत, आणि त्यांचा अभ्यास करायलाही असाच टिकणारा गट लागतो.

राज्य सरकारने पुढील तीन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची पदे आजच रिक्त धरून भरती सुरू करावी. आयोगाचे नियम अन्य संस्थांतील सहमार्गदर्शकांना वाव देतात. विद्यापीठाने जालन्याच्या केंद्राशी त्यासाठी बोलणी याच शैक्षणिक वर्षात करावीत आणि महागडी उपकरणे आपल्या कार्यक्षेत्रातील चारही जिल्ह्यांच्या महाविद्यालयांना परवडतील अशा दरात खुली करावीत.